न उमटलेली रेघ

प्रिय ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तीन पानं, आणि तिसऱ्या पानाच्या समासात आडवं करून लिहिलेल्या आणखी चार ओळी. कागद संपला तरी तुझं बोलणं संपत नाही. मी ते दारातच उभ्याने वाचलं, पायातले बूट काढायचंही सुचलं नाही. आज गुरुवार. मधल्या दिवसांत तीनदा तुला फोन लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. दुसऱ्या वेळी तूच उलटा फोन केलास, तेव्हा चुकून लागला असं मी म्हटलं. चुकून लागला नव्हता. तुझा आवाज इतका खुशीत होता की मी हवापाण्याचं विचारून फोन ठेवला.

तर आधी एवढं कर. चौदा तारखेला येऊ नका, तूही नाही आणि भाऊजीही नाहीत. आमच्या लॅबच्या नव्या इमारतीचं उद्घाटन व्हायचं तसं होईल, पण पाहुण्यांच्या यादीतून तुझं नाव काढलंय. ते काढायला मीच सांगितलं. आणि हे पत्र बसून वाच. मध्येच उठून ओटा पुसायला लागू नकोस. काही मनाविरुद्ध कानावर आलं की तू फडकं हातात घेतेस, आणि या पत्रात मनाविरुद्धच सगळं आहे.

भाऊजी यायला तयार झाले, असं तू लिहिलंयस. त्या एका वाक्यासाठी तू काय काय सोसलंस ते मला माहीत आहे. आपला भोंगा गेला तेव्हापासून नऊ वर्षं ते वरच्या मजल्यावर आणि तू खाली. बोलणं कसलं, तर किल्ली कुठे ठेवलीय, नळ गळतोय, वायरमन कधी येणार. त्या शेवटच्या दुपारी ते तुला म्हणाले होते, बहिणीच्या हौसेपायी पोराला टोचायला दिलंस. त्यानंतर त्यांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. तू मात्र त्यांना एकच उत्तर देत आलीस: वाया काही गेलेलं नाही, त्याच्या पेशी जिवंत आहेत, अकरा लॅबमध्ये आहेत, एकदा येऊन बघा. आता ते बघायला निघालेत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की त्यांच्या मनातली अढी जाईल, असं तुला वाटतंय. ताई, त्यांना दाखवायला माझ्याकडे काही नाही. त्या पेशी भोंग्याच्या नाहीत. तू पहिल्यांदा पाहिल्यास तेव्हाही नव्हत्या.

एवढं लिहून मी उठले आणि चहा करून आले. तुझं फडकं, तसा माझा चहा.

आता सुरुवातीपासून सांगते. भोंग्याच्या पेशींबद्दल तू शाळाशाळांतून बोलतेस, त्यामुळे तुला यातलं बरंच ठाऊक आहे, पण तुला जे ठाऊक आहे ते मीच सांगितलेलं आहे. म्हणून मला सगळं पुन्हा सांगू दे. मी काही शास्त्रज्ञ नाही. माझ्या नावामागे डॉक्टर लागलेलं नाही. तीस वर्षं मी पेशींना खायला घालणारी बाई आहे. फ्लास्कमधलं जुनं गुलाबी पाणी काढायचं, नवं घालायचं, किती वाढल्या ते मोजायचं, वहीत लिहायचं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायच्या, हिच्या हातात जीव आहे. मी लाजायचे आणि मनातून फुलून जायचे. पण लोकांच्या नावावर जगभर पेशी वाढतात, लेख छापून येतात, त्यात माझं नाव कधी आलं नाही, आणि त्याची खंत मला होती. ती तुला मी कधी बोलून दाखवली नाही.

भोंग्याची गाठ मांडीच्या हाडातली. चौदाव्या वर्षी कळलं, सोळाव्या वर्षी ती परत आली आणि छातीत गेली, डॉक्टरांनी हात टेकले. जन्मला तेव्हा त्याच्या रडण्याने शेजारच्या वॉर्डातली नर्स बघायला आली होती, म्हणून मीच त्याला भोंगा नाव ठेवलं. तोच मुलगा शेवटी शेवटी इतक्या हळू बोलायचा की कान जवळ न्यावा लागे. पहिल्या वेळी काढलेला तुकडा हॉस्पिटलच्या तपासण्यांतच संपला होता. त्या गाठीच्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या तर ताजा तुकडा हवा होता, म्हणजे पुन्हा एकदा हाडात सुई. त्याच्या स्वतःच्या उपचाराला तिचा काडीचाही उपयोग नव्हता, झाला असता तर पुढच्या मुलांना. भाऊजींनी नको म्हटलं. तू हो म्हटलंस, भोंग्याने हो म्हटलं. आत नेताना तो म्हणाला, माझ्या पेशींना अभ्यासाला बसवू नका म्हणजे झालं. हे तू प्रत्येक भाषणात सांगतेस आणि लोक हसता हसता डोळे पुसतात. सुईची जागा चिघळली, ती पुढे भरलीच नाही, हे तू भाषणात सांगत नाहीस. जन्मभर डाव्या कुशीवर झोपलेला मुलगा शेवटचे पाच आठवडे उताणा पडून होता.

तो तुकडा बर्फातून माझ्याकडे आला. मीच तो बारीक केला, मीच फ्लास्कमध्ये ठेवला. पेशी चिकटल्या खऱ्या, पण वाढेनात. दर तीन दिवसांनी मी खायला घालायची आणि त्या तशाच, चार इथे, दहा तिथे, मलूल. गाठीतल्या पेशी बाहेर काढल्या की बहुतेक वेळा अशाच मरतात, त्यात नवल काही नाही. त्याच पेटीत, म्हणजे ज्या काचेच्या पेटीत हात घालून आम्ही काम करतो तिथे, मी दुसऱ्या एका जातीच्या पेशी सांभाळत होते. त्यांना लॅबमध्ये सगळे खादाड म्हणतात. आपण दोघी जन्मायच्या आधी कुणा एका बाईच्या गाठीतून त्या काढलेल्या आहेत आणि तेव्हापासून अखंड वाढतायत. खादाडची एक पेशी जरी दुसऱ्या फ्लास्कमध्ये पडली तरी महिन्याभरात तिथे दुसरं कुणी उरत नाही. म्हणून आमचा नियम आहे: नाजूक पेशींना आधी खायला घालायचं, खादाडला सगळ्यांत शेवटी, आणि दोघांची पाण्याची बाटली वेगळी. हा नियम मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी पाठ करून घेते.

भोंगा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी कामावर आले. तू म्हणाली होतीस जाऊ नकोस, पण घरात बसून मला काय करायचं ते समजत नव्हतं, आणि त्याच्या पेशी उपाशी होत्या. मी पेटीत हात घातले आणि खादाडला आधी खायला घातलं. मग तीच बाटली, तीच नळी घेऊन भोंग्याच्या फ्लास्ककडे वळले. ते मला त्याच क्षणी जाणवलं की नाही, खरंच सांगता येत नाही. डोळे सुजलेले होते, हातमोज्यांत हात घामेजले होते. पण ती बाटली अर्धी झाल्याचं बघून मी दुसरी उघडली नाही, एवढं मला पक्कं आठवतं.

तीन आठवड्यांनी फ्लास्क भरून गेला. जिथे दहा पेशी रांगत होत्या तिथे तळ दिसेना. वीस वर्षं हेच काम केलेल्या बाईला तेव्हाच शंका यायला हवी होती. मला आनंद झाला, ताई, वेड्यासारखा आनंद झाला. मोठ्या बाईंना हाका मारून आणलं, सगळे जमले, कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि मी तुला फोन केला की भोंगा आत धावायला लागलाय. तू त्या दिवसांत अंथरुणातून उठत नव्हतीस. फोनवर तू हसलीस. तो गेल्यानंतर पहिल्यांदा. त्या हसण्याने माझा घात केला. तुझ्यावर ढकलत नाहीये, मला काय झालं तेवढं सांगतेय.

ही झाली चूक. तू मला ओळखतेस, मी तुला ओळखते. एवढंच असतं तर तू चार दिवस रडली असतीस आणि पाचव्या दिवशी म्हणाली असतीस, तुझ्या हातून दुःखात झालं, जाऊ दे. म्हणून ही चूक मी आधी सांगितली. सोपी होती.

आठव्या महिन्यात लेख लिहायची वेळ आली. त्या पेशी खरोखर त्याच मुलाच्या आहेत हे दाखवावं लागतं. भोंग्याचं रक्त आमच्याकडे थोडं ठेवलेलं होतं. दोन्हींतून डीएनए काढून कापायचा आणि शेजारी शेजारी ठेवून बघायचा. कापणारं एन्झाइम म्हणजे कात्री, असं तू मुलांना सांगतेस. बरोबर आहे, पण ही कात्री भलती हट्टी. सगळ्या डीएनएवरून फिरते आणि तिच्या ठरलेल्या चार अक्षरांचा क्रम दिसला तरच कापते. एक अक्षर बदललं की ढिम्म हलत नाही. मुळात ती जिवाणूंची, घुसलेल्या विषाणूंचा डीएनए तोडायला त्यांनी बाळगलेली. आमच्याकडे ती फ्रीझरमध्ये बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत असते, बाहेर काढली की बर्फात खोचून ठेवावी लागते. डीएनएत ती घालायची, अंगाइतक्या उबेत तासभर ठेवायचं, मग ते तुकडे जेलच्या पातळ लादीत सोडून वीज लावायची. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. नंतर जांभळ्या प्रकाशात धरलं की प्रत्येक नमुन्याचा एक केशरी पट्टा दिसतो. आता यातलं एक एन्झाइम असं आहे की पुरुषाचा डीएनए त्याने कापला तर त्या पट्ट्यात एक ठळक रेघ उमटते. मुलग्यांमध्ये जे एक छोटं गुणसूत्र असतं त्यावर एकच मजकूर हजारो वेळा लिहिलेला असतो, आणि ते सगळे तुकडे एकाच मापाचे निघून एकाच जागी साचतात. बाईच्या डीएनएत ती रेघ येत नाही. शिकाऊ मुलालाही कळावं इतकं ते सरळ आहे.

रक्ताच्या पट्ट्यात रेघ होती. पेशींच्या पट्ट्यात नव्हती.

आधी मी एन्झाइमला दोष दिला. जुनं असेल, अर्धवट कापलं असेल. पण बाकीचा डीएनए व्यवस्थित कापला गेला होता. दुसऱ्या दिवशी नवी नळी उघडली, पुन्हा तेच. मग मी मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, गाठीच्या पेशी आपला डीएनए धड सांभाळत नाहीत, हे छोटं गुणसूत्र तर कितीदा गमावून बसतात, तसं झालेलं दिसतंय. त्यांनी मान डोलावली, कारण ते खरं आहे, पुस्तकांत लिहिलेलं आहे. खोटं बोलायला खऱ्यासारखी दुसरी सोय नाही. त्यांनी बाकीच्या तपासण्या माझ्यावर सोपवल्या, कारण माझ्या हातात जीव होता ना.

मग मी तिसरं जेल केलं, त्याबद्दल आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी सगळे जेवायला गेले असताना तयारी केली. भोंग्याचं रक्त, फ्लास्कमधल्या पेशी आणि शेजारी खादाड, तिघांचा डीएनए दुसऱ्या एका एन्झाइमने कापला, माणसामाणसांत वेगळे पडणारे तेवढेच तुकडे दिसतील अशी पद्धत वापरली. रक्ताचा शेवटचा थेंब त्यात गेला. फ्लास्कच्या चार रेघा आणि खादाडच्या चार रेघा एका ओळीत आल्या, पट्टी ठेवून बघितल्या. भोंग्याच्या दोन होत्या आणि त्या दोन्ही दुसऱ्याच जागी. त्या खोलीत मी एकटी होते आणि मला सगळं समजलं. तो फोटो घरी आणून मी कपाटात तळाच्या कागदाखाली सरकवला, आणि वहीत लिहिलं की पेशी भोंग्याच्याच.

का, असं तू विचारशील. त्याच आठवड्यात तू आली होतीस. तो सतरा वर्षांचा झाला असता तो दिवस. तू सूक्ष्मदर्शकावर वाकलीस आणि वीस मिनिटं हलली नाहीस. नंतर विचारलंस, आत पुरेसं ऊबदार आहे ना, आणि त्या उबेच्या कपाटाची काच आपल्या रुमालाने पुसलीस. आमची सगळी तरुण मंडळी खाली बघत उभी होती. मग तू मला बाजूला घेऊन विचारलंस, हे त्याच्या बाबांना सांगू ना गं? मी म्हटलं, सांग. त्यानंतर परत फिरायला वाट होती असं मला कधी वाटलं नाही. आणि दुसरंही कारण आहे, तेही लिहिते. लेखावर माझं नाव आलं होतं. शेवटून दुसरं, पण आलं होतं. त्याची छापील प्रत मी कितीतरी दिवस पिशवीत घेऊन फिरत होते.

गेल्या महिन्यात एका दूरच्या लॅबमधून मोठ्या बाईंना पत्र आलं. आमच्याकडून नेलेल्या पेशी त्यांनी तपासल्या, त्या बाईच्या निघाल्या, आणि त्या कोणत्या तेही त्यांनी ओळखलं. मोठ्या बाईंनी मला बोलावून ते पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, हे असं कसं झालं असेल? त्यांना माझ्यावर संशय नव्हता, त्या खरंच मला विचारत होत्या. मी दुसऱ्या दिवशी कपाटातला फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, तू घरी जा. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. लेख मागे घेतला जाईल, अकरा ठिकाणच्या पेशी नष्ट होतील, आमच्या तर मी स्वतः, जायच्या आधी, औषध ओतून मारल्या. सुरुवातीच्या दिवसांत गोठवलेल्या दोन नळ्या होत्या, त्याही उघडून बघितल्या. एकीत काही जिवंत नव्हतं, दुसरीत खादाड. भोंग्याचं असं काही कुठेच उरलेलं नाही, ताई. तू ही आशा धरशील म्हणून स्पष्ट लिहिते.

आणि हेही तुला माझ्याकडूनच कळायला हवं. त्या पेशींवर चाललं म्हणून एक औषध पुढे नेलं गेलं होतं. भोंग्यासारख्याच गाठीच्या मुलांना ते वर्षभर दिलं, उपयोग झाला नाही, मग बंद केलं. तू त्या वेळी मला म्हणाली होतीस, असू दे, प्रयत्न तर झाला. ते औषध त्या मुलांच्या आजारावर तपासलेलंच नव्हतं. त्या वर्षात त्यांना दुसरं काही देता आलं असतं का, मला माहीत नाही. मी हे कुणाला विचारायचं धाडस केलेलं नाही. नोकरी गेली आहे, पुढे चौकशी होईल, होऊ दे. माझ्या जेवण्याखाण्याची काळजी करत बसू नकोस. तू करशील, अशा पत्रावरही करशील, म्हणून सांगतेय.

इथे पत्र संपवता आलं असतं. पेशींचं सगळं तुला छापून आलेलं वाचूनही कळलंच असतं, त्यासाठी चार दिवस कागद फाडत बसायची गरज नव्हती. मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पेशी गेल्यावर भाऊजींना द्यायला तुझ्याजवळ एकच उत्तर उरतं, की सुई भोंग्याच्या स्वतःच्या इच्छेने टोचली. ते उत्तर त्यांना देऊ नकोस. मी तुला पहिल्यांदा विचारलं तेव्हा तू म्हणाली होतीस, नाही, आता त्याला कुणी हात लावायचा नाही. तू खाली औषधं आणायला गेलीस आणि मी त्याच्या खोलीत गेले. त्याला विचारलं. तो म्हणाला, मावशी, नको गं, आता फार दुखतं. मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला म्हटलं, आईची फार इच्छा आहे, तुला सांगायचा तिला धीर होत नाही.  मग तो म्हणाला, तिला बरं वाटणार असेल तर घ्या. मी जिना उतरून आले, औषधांच्या खिडकीपाशी तुला गाठलं आणि सांगितलं, भोंगाच मागे लागलाय, त्याला काहीतरी मागे ठेवून जायचंय, तू मोडता घातलास तर हिरमुसेल. तू भिंतीला टेकलीस आणि म्हणालीस, त्याचीच इच्छा असेल तर नको म्हणणारी मी कोण? तुम्ही दोघं एकमेकांना इतकं जपायचात की त्यावर एकमेकांशी कधी बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर मी दोघांशी खोटं बोलले. तू नाही म्हणाली होतीस, ताई. तोही नाही म्हणाला होता. भाऊजींनी नऊ वर्षं अबोला धरला तो भलत्याच बहिणीशी. हे पत्र वर नेऊन त्यांच्या हातात दे.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझंच,
शेंडेफळ